रत्तलाच्या आतलं मरण

उस्तिन्या प्रोखोरोव्ना पीटर्सबर्गच्या आमच्या लष्करी इस्पितळातल्या चर्चसाठी प्रसादाची भाकरी भाजायची. रिवाजानं हे काम विधवेचं. नवरा सेवास्तोपोलच्या लढाईत तोफगोळ्यानं गेला. पुरायला एक बूट तेवढा मिळाला. तेव्हापासून भट्टी आणि तिच्यामागची चर्चनं दिलेली खोली, एवढाच तिचा संसार. बाई तोंडाची फटकळ, पण मनात राग ठेवून पीठ मळायचं नाही हा नेम तिनं कधी मोडला नव्हता. कुणाशी वाजलं तर आधी जाऊन मिटवायची, मगच पिठाला हात. मी तिथला जखमा बांधणारा. माझ्याशी तर तिचं सारखंच वाजायचं आणि मिटायचं.

१८६८ च्या डिसेंबरात देशोदेशींच्या प्रतिनिधींनी आमच्या शहरात बसून सह्या केल्या: अंगात शिरून फुटणारी गोळी युद्धात झाडायची नाही. गोळी आमच्याच लष्करानं बनवलेली. आपणच बनवायची, आपणच घाबरायचं आणि वर आपलीच पाठ थोपटून घ्यायची. या पराक्रमाबद्दल देवाचे आभार मानायला इस्पितळात मोठी पूजा ठरली. सेनापती येणार होते.

आदल्या संध्याकाळी ती मळत होती आणि मी तिला बातमी वाचून दाखवत होतो. बंदी फक्त चारशे ग्रॅमच्या आतल्या गोळ्यांना, तीही सह्या करणाऱ्यांच्या आपसातल्या लढाईपुरती.

"म्हणजे किती वजन?" तिनं विचारलं.

"रत्तलभर. थोडं कमीच."

"आणि त्याहून जड असलं तर?"

"ते चालतं."

ती मळत राहिली, पण मुठी आपटत.

सकाळी फादर इग्नाती टोपली न्यायला आले, तर ही दारात आडवी. ही भाकरी रागात मळलीय, वेदीवर चालायची नाही, म्हणाली. फादर भडकले. भाकरीशिवाय पूजा होत नाही, पाहुणे येऊन बसलेत. क्षमा कर आणि लगेच दुसरी भाज, म्हणाले. कुणाला क्षमा करू, तिनं विचारलं. माझ्याकडे मागायला तर कुणी आलंच नाही.

फादरनी आवाज खाली आणला. "नुसतं म्हण, क्षमा केली. खोली तुझी राहील."

"म्हणते की. खोटं बोलायला काय जातंय? मग ती भाकरी ख्रिस्ताचं शरीर म्हणून तुम्ही तोंडात घालाल का, बाबा?"

फादरनी हात पुढे केला आणि खोलीची किल्ली मागितली.