रानसिंग रडला

मुर्रीच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, लोक जमायचे ते रानसिंगाला बघायला. दिवाळी सरली, हलका धान कापून झाला, की एखाद्या दुपारी गावात दंडार रंगायची. नाचगाण्याच्या त्या खेळात रानसिंग नावाचा वीर हरवलेल्या भावाला शोधत वाघांच्या जंगलात शिरायचा. बावीस वर्षं हे काम हुकुमचंद बिसेनांचं. त्यांचा दोस्त उदारामनं खेळ लिहिला तेव्हाच ठरवून टाकलं होतं, की रानसिंगाला साप चावेल, बाण लागेल, पण त्याच्या डोळ्याला पाणी येणार नाही.

हळूहळू हुकुमचंदही तसेच झाले. बाप गेला त्या दिवशी सगळं घर रडत होतं आणि हे मुकाट्यानं लाकडं रचत होते. बायको सुखवंता म्हणायची, "ह्या मानसाच्या डोऱ्यात पानी नाई, खडक हाये."

गेल्या वैशाखात त्यांना लकवा मारला. डावं अंग लुळं पडलं. जीव वाचला, पण दुखण्यानं एक नवीच खोड मागं ठेवली. कशानंही रडू यायचं. गाय हंबरली तरी, कोणी "बरं हाये का?" विचारलं तरी. "या आजारानंतर काहींना होतं असं," डॉक्टर म्हणाले. "दाबायला जाऊ नका."

पण हुकुमचंदांना लाज वाटे. कोणी आलं की ते आतल्या खोलीत जाऊन बसत. सुखवंता मात्र चार महिने त्यांना घास भरवत राहिली, हात धरून धानाच्या शेतातल्या बांधावर चालवत राहिली. पाय पुन्हा चालू लागले.

दिवाळीच्या तोंडावर उदाराम तालमीचं सांगायला आला.

"औंदा रानसिंग खुमेंद्रले दे," हुकुमचंद म्हणाले. खुमेंद्र रानसिंगाच्या भावाचं काम करायचा.

"काऊन? पाय चालून राहिले ना तुहे?"

"पाय चालतेत. डोरे आयकत नाई. भर मंडईत रडलो त?"

 उदाराम म्हणाला, "त रडजो. खेळ लिवला तेव्हा मी पोरगा होतो. हरवलेला भाऊ भेटल्यावर मानूस का करते, मले का मालूम होतं?"

मंडईच्या दिवशी रानसिंग जरा लंगडतच उतरला. पहिली आरोळी मात्र जुनीच निघाली, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. गुहेत भाऊ सापडतो तिथं तलवार उंचावून गर्जायचं होतं. हुकुमचंदांचा हात अर्ध्यावर थांबला. डोळे भरले आणि तोंडाला लावलेला रंग गालांवरून ओघळला. 

खुमेंद्र गोंधळला, पण पुढं सरकला. "दादा, रडून राहिलास का?"

"हाओ रे बापा," हुकुमचंद म्हणाले. "तू जित्ता हायेस ना!"

हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ढोलकीवर बसलेल्या उदारामनं हलकेच संथ ठेका धरला. समोरच्या खुर्चीतल्या श्यामलाल पटलेंनी, ज्यांच्याशी बोलायला गाव कचरायचं, गमछा तोंडावर ओढून घेतला. कोणी हसलं नाही.

खेळ आटोपल्यावर हुकुमचंद तसेच, रंग न पुसता, बायांच्या घोळक्यात सुखवंतेजवळ आले. डोळे पुन्हा वाहत होते.

"बसा थोडं," ती घाबरून म्हणाली. "बिमारीचं हाये ते."

"हे बिमारीचं नोहोय. चार महिने तू मले लेकरावानी जेवू घातलं. मी एक सबद बोललो नाई."

"मंग? बोलाले कायले पायजे?"

"पायजे," हुकुमचंद म्हणाले. "तू होतीस म्हनून मी उभा हावो."

सुखवंतेनं इकडंतिकडं पाहिलं. आजूबाजूच्या बाया ऐकत होत्या. ऐकू दे, असं तिच्या मनात आलं. तिनं पदरानं त्यांच्या गालावरचा रंग पुसला, तो आणखीच फासला गेला, आणि दोघंही हसू लागली. मग सगळ्यांच्या देखत त्यांचा हात धरून ती शिंगाडे घ्यायला बाजाराकडं निघाली.