वाढणाऱ्यांची पंगत

मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तिच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले देव नेऊन नदीत सोडले. गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, तरी ते मागे फिरले नाहीत. हे सांगताना आईचा आवाज बदलतो.

यंदा दसऱ्याच्या सुमारास मी रामदासपेठेतल्या एका दैनिकात शिकाऊ म्हणून होते. दीक्षाभूमीच्या सोहळ्यावर खास पान निघणार होतं. मथळा ठरला होता, ‘बंडखोरांचे वारस’. तो वाचून मी मनात सुखावले होते.

संध्याकाळी फोटोग्राफरदादांचे फोटो स्क्रीनवर आले. उघड्यावर झोपलेली माणसं, भेगाळलेल्या टाचा, पत्रावळी. पानाचं काम पाहणाऱ्या मॅडमनी एका फोटोवर बोट ठेवलं. पांढऱ्या साडीतली बाई, जमिनीवर बसलेली, घास तोंडाशी.

“हा घ्या. खाली लिहा, अन्नदानाने भागली भूक.”

ती माझी आई होती.

आमच्या वस्तीतल्या बायकांनी पहाटेपासून दीक्षाभूमीजवळच्या आमच्या स्टॉलवर भात-भाजी रांधून दिवसभर वाढली होती. वाढणाऱ्यांनी सगळ्यांत शेवटी, तिथंच खाली बसून उरलेलं खायचं, ही आमची रीत. दादांना नेमकी तीच पंगत सापडली. पण मला आधी हे सुचलं नाही. आधी वाटलं, ही माझी आई आहे हे इथे कुणाला कळू नये.

मग कसंबसं बोलले. “मॅडम, ती माझी आई आहे. ती जेवायला नव्हती आली, वाढायला होती.”

दादा ओशाळले. “अरे यार! पहले बोलना था ना.” मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला, फोटो लगेच काढला आणि त्या जागी दुसरा लावला. एक म्हातारे काका, पुढ्यात तशीच पत्रावळ. खालची ओळ तीच राहिली.

मी ते पाहत होते. मला फक्त हायसं वाटलं.

पेपर आला त्या सकाळी आई म्हणाली, “पाहू दे वं, तुह्या पेपरात आमचा स्टॉल आला का?” पान उघडून ती हसली. “हा तर आपल्याच स्टॉलवरचा बुढा! चंद्रपूरकडून आलता. बसा म्हटलं तर आयकेच ना. दिवसभर भाताचे मोठाले गंज घासले यानं, मंग आमच्या पंगतीत जेवला.” मग तिने सावकाश खालची ओळ वाचली. “हे कोणं लिहिलं?”

“ऑफिसातल्यांनी.”

“तू होती ना तिथं?”

“होती. आधी तुहा फोटो होता. मी सांगून काढायले लावला.”

आईने पेपर घडी करून बाजूला ठेवला. “अन् याच्यासाठी नाही बोलली? याची पोरगी नाही तुह्या हापिसात, म्हणून?”

कंपनीच्या बसची वेळ झाली होती, ती निघून गेली.

ऑफिसात पोचल्याबरोबर मी मॅडमना म्हटलं, त्या ओळीचा खुलासा छापायला हवा. त्या रागावल्या नाहीत. पेन उचलून त्यांनी विचारलं, “काय नाव त्यांचं?”

ते मला माहीत नव्हतं.