गुरुजींचे चार प्लॉट

सेवकराम गुरुजी दर रविवारी सकाळच्या एसटीनं करडीहून भंडाऱ्याला येत, पण मुलाला भेटायला नव्हे, प्लॉटांना भेटायला. मुलगा प्रविण त्याच भंडाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत बायकोपोरीसह राहत होता. त्याच्याकडे ते दुपारी जेवायला जात. आधी मात्र शहराच्या कडेचं ले-आऊट गाठायचं, आपले चार प्लॉट डोळे भरून पाहायचे, कोपऱ्याचे दगड कोणी सरकवले नाहीत याची खात्री करायची, आणि मग घाम पुसत पोराच्या दारात उभं राहायचं. प्लॉटांवर त्यांनी तूर लावली होती. जागा रिकामी दिसली की लोक म्हशी बांधतात, तूर दिसली की मालक आहे हे कळतं, असं त्यांचं शास्त्र. दिवाळीत ते त्या दगडांना चुना लावत, हळदकुंकू वाहत आणि दर प्लॉटापुढे नारळ फोडत. आपल्या वाढदिवसाला बापानं कधी नारळ फोडल्याचं प्रविणला आठवत नव्हतं.

जेवायला बसले की पहिल्या घासाबरोबर भाव निघायचा.

"बाजूचा प्लॉट गेला. केवढ्याले गेला माईत हाय?" असं म्हणून ते आकडा सांगत आणि टीना, त्यांची सून, वाढता वाढता थांबे. भाव चढला की बाप श्रीमंत होई आणि लेक त्याच पंगतीत बसल्या बसल्या गरीब होई. यात काही विचित्र आहे हे गुरुजींच्या गावीही नव्हतं. त्यांना वाटे, पोरगा आपल्यासारखाच खूश होत असेल.

तसे दोघं एकाच धंद्यातले. गुरुजी मिसरूड फुटायच्या वयात जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम झाले आणि पेन्शन घेऊन उतरले. प्रविण बापापेक्षा कितीतरी जास्त शिकला, केसांत पांढरं आलं, तरी खासगी कॉलेजात तासिकेवरच होता. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर हरी हरी. बँकेनं कर्जाचं नावही काढू दिलं नाही. घर चाले ते टीनाच्या दवाखान्यातल्या नोकरीवर. पण गुरुजींचं ठरलेलं भाषण होतं. "आमी पोटाले चिमटा काढून जागा घेतल्या. तुमी मोबाईल घेता, हॉटेलात जाता." प्रविण शेवटचा हॉटेलात जेवला होता तो घरमालकानं पाणी तोडलं तेव्हा. हे सांगून काही उपयोग नसतो म्हणून तो वरण ओरपत बसे.

मग घरमालक केशवरावांनी महिनाअखेरीस खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. त्यांना इमारत पाडून दुकानांचे गाळे काढायचे होते. लग्नापासून हे कितवं घर, हे टीनानं मोजायचं सोडून दिलं होतं. तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "ह्या वेळी बाबाले विचारा. मी आता दुसऱ्याच्या भिंतीले खिळा ठोकायची परवानगी मागनार नाई."

प्रविणनं विचारलं. "बाबा, एक प्लॉट नावावर करा. नसंल करायचा त नुसतं बांधू द्या. दोन खोल्या, वर पत्रे. टीनाच्या पगारातून आमी उभ्या करतो."

"आन निकेश? आन अंजू?" गुरुजींनी धाकट्या मुलाचं आणि मुलीचं नाव काढलं. "कोपऱ्याचा तुले देल्ला त ते दोघं तोंड फुगवतीन. नाल्याकडचा देल्ला त तू फुगवशीन."

"मंग गावच्या रीतीनं करा."

करडीत वाटणीची रीत ठरलेली आहे. थोरल्यानं हिस्से पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे थोरल्याच्या मनात लबाडी येत नाही. "मी हिस्से पाडतो," प्रविण म्हणाला. "निकेशले, अंजूले आधी उचलू द्या. उरंल ते माझं. नाला त नाला."

गुरुजींनी ताटातून हात काढला. "बाप जिता असताना वाटनी? लोक म्हनतीन, म्हाताऱ्याचा जीव जायची बी वाट नाई पायली!" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "थांब थोडा. भाव अजून वाढून राहिला."

"पन विकायचे हायेत का तुमाले?"

"विकायचे कायले? पोरांसाठी घेतले ना!"

यावर माणसानं काय बोलावं? दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत असं म्हणतात. इथं दातही होते, चणेही होते, आणि मध्ये बाप बसला होता.

बरं, बाप वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. तेही नाही. नातू-नातीवर जीव टाकणारा माणूस. पोराची धावपळ बघवेना म्हणून गुरुजी स्वतः ऑटोत बसून त्याच्याबरोबर खोल्या शोधायला निघाले. एका गल्लीत गुलाबराव नावाचे त्यांच्याच वयाचे निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांचं शेजारचं नवं घर कुलूप लावून बंद होतं. दारापुढे गवत माजलेलं.

"भाड्यानं नाई देत," गुलाबराव म्हणाले. "पोरासाठी ठेवलं हाय. तो पुन्याले भाड्यानं राहते, पन कदी ना कदी येईनच."

गुरुजी भडकले. "अजी, काय मानूस हाव तुमी! पोरगं तिकडं भाडं भरून मरून राहिलं आन तुमी इकडं कुलपं राखता? जागा काय छातीवर घेऊन जासान वर?"

प्रविण बापाच्या तोंडाकडे पाहत राहिला. आता उजेड पडेल, मग पडेल. कशाचं काय! हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला. परत येताना गुरुजींनी ऑटो ले-आऊटकडे वळवायला लावला, कारण कोणाची तरी गाय तुरीत शिरल्याचं त्यांना कळलं होतं.

अखेर एक खोली ठरली. सामान हलवायचा रविवार उजाडला, छोटा हत्ती टेम्पो भरून उभा राहिला, आणि नव्या मालकाचा फोन आला, की त्याला जास्त भाडं देणारा कोणी भेटला. केशवरावांचे मजूर छपराची कौलं उतरवू लागले होते. गाडीवाला हॉर्न वाजवून विचारत होता, "भाऊ, कुठं घेऊ?"

प्रविणच्या डोक्यात काहीतरी तुटलं. "प्लॉटवर घे," तो म्हणाला. आणि बापाला फोन करून सांगितलं, "नव्या खोलीवर नोका येऊ. प्लॉटवर या."

गुरुजी आणि प्रविणची आई सत्यभामाबाई पोचले तेव्हा तुरीत कपाट उभं होतं, फ्रिज बांधाला टेकला होता आणि पलंगावरच्या गाद्यांच्या ढिगावर नात बसली होती. शेजारच्या बांधकामावरचे मिस्त्री काम सोडून बघत होते.

"अरे, तूर मोडली ना सारी!" गुरुजी ओरडले.

टीनानं आजवर सासऱ्याला उलट शब्द केला नव्हता. "मामाजी, आमचं काय मोडलं ते नाई दिसलं तुमाले?"

"उचला हे सारं! लोक पाहून राहिले. मले कोनं देल्लं होतं? मी माझ्या मेहनतीनं..."

"खोटं नोका बोलू," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पलंगावर मांडी ठोकून बसल्या. "लगन झालं तवा तुमच्या बापानं, तुलारामबुवानं, आपली परसाची जागा देल्ली. भिंती घालून देल्ल्या, वेगळी चूल मांडून देल्ली. एक दिवस भाडं नाई भरलं आपन. पुरा पगार उरे, म्हनून हे प्लॉट आले. तुलारामबुवा जर म्हनले असते, 'थांब, माझ्या मागून पाहू', त कुठं मांडली असती मी चूल?"

गुरुजींनी फ्रिजकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग म्हणाले, "इथं रातच्याले साप निघते."

"तुमी कदी राहून पायलं?" बाई म्हणाल्या.

गुरुजी वळले आणि शेजारच्या बांधकामावर गेले. मिस्त्र्यापुढे उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा पोरगा इथं घर बांधून राहिला. बोरिंगचं पानी द्याल का?"

टीना पदरानं डोळे पुसू लागली. प्रविणलाही आनंद व्हायला हवा होता. पण तो नुसता संतापला. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं या माणसाला, आणि त्यासाठी त्यानं पोराची सगळी उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या घरांत घालवली.