क्रुसाभोवतीची प्रदक्षिणा

साखर कारखान्याकडून गंधकाचा वास आला, की मला दक्षिण अमेरिकेतल्या किटो शहराजवळचा ज्वालामुखी आठवतो. बहात्तरच्या दुष्काळाआधी मी आणि आमच्या पारनेरचा वसंता जहाजावरची नोकरी सोडून, पाठीवर पिशव्या टाकून तिकडे भटकत होतो. शहरात माझी रोज मुक्कामाची गल्ली चुकायची. ज्वालामुखीच्या माथ्यावर विवराच्या काठाशीच एक क्रूस होता.

"देव कुठलाबी असू दे," म्हणत मी वसंताला प्रदक्षिणा घालायला लावली. निम्म्यात दाट धुकं उतरलं आणि आम्ही कुठल्या बाजूने आलो तेच कळेना.

"आता रं?" वसंताने माझा सदरा धरला.

मी बेधडक एकीकडे बोट दाखवलं. उतरलो भलत्याच गावात, पण जिवंत.

"ह्याला दिशा लई कळत्यात," वसंता अजून चारचौघांत सांगतो. मी नुसता हसतो.