रडू येऊ देणाऱ्या बाई

वसुधाबाईंची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या रागावण्यातूनच झाली. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या शाळेत मी नवीन होते. पहिलीतली एक मुलगी रडत होती आणि मी "चलो, चूप, गुड गर्ल!" करत होते. बाई दारातूनच म्हणाल्या, "तिचं रडून झालंय का, ते आधी विचार." मला अस्सा राग आला होता! आज बाईंच्या साठीच्या निमित्ताने तो कबूल करून टाकते.

प्राथमिक वर्गांत सकाळची दहा मिनिटं मुलांच्या मनासाठी राखून ठेवली ती बाईंनीच. फळ्याशेजारी कापडाचे चार खिसे असत: राग, भीती, रडू, बरं. मुलं आपल्या नावाची चिठ्ठी हव्या त्या खिशात टाकत. बाई उपदेश करत नसत. पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला लावत आणि मग ऐकत बसत. माझ्या तिसरीच्या वर्गात मी त्यात माझा शहाणपणा घातला. 'बरं'मध्ये चिठ्ठी टाकणाऱ्याला वहीत चांदणी! आठवड्याभरात वर्ग चिडीचूप, आणि मी खूश.

सर्वांत जास्त चांदण्या ईशाच्या. तिची आई उपचारांसाठी पुण्याला गेली होती, ती तिथेच वारली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, सज्जन गृहस्थ. "मॅडम, परीक्षा होईपर्यंत तिला कळू देऊ नका," असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मी "बिल्कुल" म्हणाले. पुढचे पंधरा दिवस ईशा 'बरं'मध्ये चिठ्ठी टाकत राहिली आणि मी चांदण्या देत राहिले. मग तिने डबा खाणं सोडलं. एके सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच ती कोसळली.

तेव्हा कुठे मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. "तुम्ही सांगता, की मी सांगू?" एवढंच त्यांनी विचारलं. वडिलांनी सांगितलं. ईशा किंचाळली, बाईंच्या हाताला कडकडून चावली. बाईंनी हात काढून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे पाहिलं. "मैम, आपको पता था?"

मी बाईंकडे बघितलं. "खरं सांग तिला," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

वर्षभर ईशा माझ्याशी बोलली नाही. मी चॉकलेट दिलं, चित्रांचं पुस्तक दिलं. शेवटी बाईंनीच मला थांबवलं. "तुझं मन हलकं करायचं काम त्या पोरीवर टाकू नकोस." त्या मात्र रोज मधल्या सुट्टीत ईशाशेजारी डबा घेऊन बसत, ती बोलो न बोलो. पुढे ते कुटुंब नोएडाला गेलं. जातानाही ईशा माझ्याशी बोलली नाही.

त्या काळात बाईंनी मला कितीदा तरी घरी नेऊन गरम पिठलं-भात खाऊ घातला. पण "जाऊ दे गं, होतं असं," हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

बाईंना ठणठणीत प्रकृतीची शंभर वर्षं मिळोत. हे मागण्यात माझा स्वार्थ आहे. मुलांपुढे खरं बोलायची वेळ आली की माझी अजूनही बोबडी वळते, आणि बाई शेजारी असल्या तरच तोंडातून शब्द फुटतो.