काळ्या बोटावरची शाई

मतदाराच्या डाव्या तर्जनीवरची शाई ही लोकशाहीची मोहोर आहे, असं ट्रेनिंगमध्ये एका वरिष्ठ साहेबांनी सांगितलं होतं. आता माझ्यासमोर उभ्या असलेल्या मतदाराच्या डाव्या हाताची पाचही बोटं काळी होती.

नव्वदच्या दशकातली लोकसभेची निवडणूक. मी नाशिकला बँकेत ऑफिसर. ड्युटी लागली निफाडकडच्या एका गावी, शाळेच्या खोलीत, केंद्राध्यक्ष म्हणून. केंद्राध्यक्ष म्हणजे त्या खोलीत काहीही बिघडलं तर ज्याचं नाव वर कळवतात तो.

भिंतीलगतच्या बाकावर उमेदवारांचे पोलिंग एजंट बसतात. संशय घेणं हेच त्यांचं काम. त्यातले एक, विलासअण्णा, उठले. "याला मत देता येणार नाय, साहेब. बोटाला आधीच शाई हाय. नियम वाचा."

वाचला. अण्णा बरोबर होते. तर्जनीवर आधीच तशी खूण असेल तर मतदान करू द्यायचं नाही. हेतू सरळ आहे, एकाने दोनदा मत देऊ नये. पण तशी म्हणजे कशी, हे विचारायला नियम करणारे तिथे नव्हते.

मतदाराचं नाव सुकदेव. गावात त्याचं सलून होतं. ही शाई नाही, केसांचा डाय आहे, असं तो म्हणाला. निवडणूक आली की सगळ्या पुढाऱ्यांना तरुण व्हायचं असतं, आणि हातमोजे घातले तर केस धरता येत नाहीत. खुलासा इतका नीटनेटका होता की मला त्याचाच संशय आला. असं उत्तर देणाऱ्या कर्जदाराची फाइल मी नेहमी दुसऱ्यांदा उघडायचो.

"पाच बोटं, पाच गावं," अण्णा म्हणाले. "तुम्हीच मोजा."

"पाच गावं फिरायला गाडी लागती, अण्णा. तुमची देता का?" सुकदेव म्हणाला.

रांग हसली. मला हसणं परवडणारं नव्हतं. सोडला आणि तो खरंच दुसरीकडे मत देऊन आलेला निघाला, तर तक्रार, चौकशी, कदाचित फेरमतदान. परत पाठवला तर गावासमोर तो बोगस मतदार ठरणार. सुकदेव टेबलापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, एक वेळ मत राहू द्या. पण लबाड म्हणून माघारी धाडलं, तर उद्या माझ्या वस्तऱ्याखाली गळा कोण देईल?"

मी साबण मागवला. अण्णांनी तिथेही अडवलं. खूण पुसायचा प्रयत्न करणाऱ्यालाही मत देता येत नाही, म्हणाले. पुन्हा वाचलं. पुन्हा बरोबर. म्हणजे बोट धुतलं तरी मत नाही, न धुतलं तरी नाही.

तेव्हा सुकदेव म्हणाला, "अण्णांच्या कानामागं बघा."

अण्णांनी कानावर हात नेला, पण जरा उशिरा. शेजारी विरुद्ध पक्षाचा एजंट बसला होता. त्याने आनंदाने वाकून पाहिलं आणि मलाही बोलावलं. कानामागे बोटभर काळा डाग होता, सुकदेवच्या बोटांसारखाच. आदल्या संध्याकाळी सुकदेवकडे केस काळे करून घेताना घाईत अण्णांनी तो पुसूच दिला नव्हता.

"ही शाई असेल," मी विचारलं, "तर तुमच्या कानाने मत कुठं दिलं?"

अण्णांचा आक्षेप संपला. सुकदेवचा मेहुणा दुसऱ्या पक्षात आहे, हे मला चहाच्या वेळी कळलं. अण्णांचा सुकदेवच्या हातावर विश्वास होता, मतावर नव्हता.

राहिली शाई. ती डाव्या तर्जनीलाच लावायची. ते बोट शाबूत असेल तर दुसरं चालत नाही. माझ्या सहकाऱ्याने काळ्या बोटावर काळी रेघ ओढली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "साहेब, दिसत नाही." मीही पाहिलं. दिसत नव्हती.

सुकदेव मत देऊन गेला. पुढे कुठल्या केंद्रावर त्याने पुन्हा डायची हकीकत सांगितली का, मला माहीत नाही. शंका तेव्हाही होती, आजही आहे. संध्याकाळी पेट्या सील झाल्यावर मी नियम तिसऱ्यांदा वाचला. शाईची खूण करावी, एवढंच त्यात आहे. ती दिसावी, असं कुठेही म्हटलेलं नाही.