फिटरचा उजवा हात

माझ्या नवऱ्याचा हात बोंबलांवर घसरून मोडला. इंजिनाच्या पट्ट्यात सापडून मोडला असता तर लोकांना सांगताना जरा वजन आलं असतं, पण झालं ते असं झालं. उत्तनला यांच्या एका कोळी मित्राच्या मुलीचा साखरपुडा होता. जेवणं उरकली, हे हात धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथे कुणीतरी ओल्या बोंबलांची पाटी खाली ठेवली होती. यांचा पाय थेट पाटीत गेला. आवाज ऐकून मी धावले तर हे बोंबलांत बसलेले, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, आणि घरची म्हातारी कपाळाला हात लावून म्हणत होती, "सगल्या बोंबलांचा चेंदा झाला गो बाय." मग यांच्याकडे बघून तिने विचारलं, "तुमाला लागला न्हाय ना?"

लागलं होतं. डॉक्टरने कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि गणपती जाईपर्यंत या हाताने चमचासुद्धा उचलायचा नाही, असं बजावलं.

आता हे होते फिटर. फिटरचा उजवा हात गेला म्हणजे गवयाचा गळा गेल्यासारखंच. लढाईचे दिवस होते. भाईंदर स्टेशनच्या पलीकडे, मिठाच्या एका जुन्या गोदामात एका गुजराती शेठने लष्कराचं शिवणकाम घेतलं होतं. आधी शिपायांच्या पाठीवरच्या पिशव्या झाल्या, मग तंबूंच्या कनाती झाल्या, आणि त्या वर्षी मच्छरदाण्या आल्या. खाडीवरचे डास आम्हाला फोडून काढत आणि कारखान्यातल्या बायका दूर कुठल्याशा जंगलातल्या शिपायांसाठी मच्छरदाण्या शिवत.

तिथली मशीनं घरातल्यासारखी हाताने फिरवायची नव्हती. लांबच लांब टेबल, त्याच्याखालून फिरणारा एक लोखंडी दांडा, तो फिरवायला बाहेर तेलाचं इंजिन. पावडीवर पाय टेकला की सुई भर्रकन सुटायची. अशा मशीनला कामाप्रमाणे वेगवेगळे जोड बसवावे लागतात. मच्छरदाणीच्या काठाला फीत लावायची, तर तिच्यासाठी फोल्डर. फोल्डर म्हणजे पत्र्याची वळवलेली चोच, शंखासारखी. एका बाजूने फीत आत घालायची, मधे जाळीचा काठ धरायचा. फीत आपोआप दुमडून काठाला दोन्हीकडून मिठी मारते आणि तशीच सुईखाली जाते. पण ही चोच सुईच्या अगदी समोर, अगदी सरळ रेषेत बसली पाहिजे. केसभर सरकली की टाका फितीवरून उतरतो आणि मैलभर जाळी वाया जाते. त्यातून त्या गोदामाच्या भिंतीत इतकं मीठ मुरलेलं की पावसाळ्यात स्क्रू रातोरात गंजायचे. म्हणजे फिटरला क्षणाची उसंत नसे.

शेठ दुसऱ्याच दिवशी गोडदेवला आमच्या घरी आले. ओट्यावर बसून यांच्या प्लास्टरकडे बराच वेळ बघत राहिले, जणू ते नजरेने वितळेल.

"मास्तर, नवा फोल्डर आवी गया. अब क्या करायचं? मी मुंबईहून दुसरा माणूस आणतोय."

दुसरा माणूस आला की तो परत जात नाही, हे यांना ठाऊक होतं. मी चहा घेऊन बाहेर आले, तर यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "माणूस कशाला? ही आहे ना. डोकं माझं, हात हिचा."

मला कुणी विचारलंच नव्हतं. शेठने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कपबशीकडे बघितलं. कपबशी हलत नव्हती. तेवढ्यावर त्यांनी ठरवलं असावं. "चालेल," ते म्हणाले. "बेन, उद्यापासून ये."

सासूबाई आतून म्हणाल्या, "बाईमाणसाच्या हातात पेचकस? उद्या हा भाकऱ्या थापायचा काय?"

"हात मोडलाय माझा," हे म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा सगळ्या बायका माना वळवून बघत होत्या. त्यांची मुकादमीण होती उत्तनची एक ख्रिस्ती विधवा, धिप्पाड, कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्यांच्या जागी आता नुसती उन्हाने रापलेली कातडी. ती हसली की साऱ्या बायका हसत आणि ती गप्प झाली की इंजिनसुद्धा दबकून चाले. तिने आम्हा दोघांना एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि स्वतः यांच्यासाठी स्टूल आणून ठेवलं.

हे स्टुलावर बसले, प्लास्टर मांडीवर. मी मशीनपाशी वाकले. यांनी सुरुवात केली.

"आधी दाबाचा पाय वर घे."

मी माझा पाय पावडीवरून वर घेतला.

"तो न्हाय. मशीनचा. सुईखालचा."

बायकांत खसखस पिकली. मी दाबाचा पाय वर घेतला, फोल्डर सुईखालच्या पट्टीवर टेकवला, स्क्रू घातला.

"आता जरा डावीकडे."

मी सरकवला.

"अगं डावीकडे."

"डावीकडेच केला."

"ते माझं उजवं झालं."

हे समोर बसले होते, त्यामुळे माझं डावं ते यांचं उजवं. मग ठरलं की माझं डावं तेच डावं धरायचं. ते यांना फार वेळ जमलं नाही. मग ठरलं की "खाडीच्या बाजूला" आणि "स्टेशनच्या बाजूला" म्हणायचं. हे बरं चाललं. "किंचित खाडीकडे. आणखी खाडीकडे. अगं बुडवतेस काय, जरा स्टेशनाकडे ये." दुपारपर्यंत सगळं टेबल आमच्या दिशा पाठ म्हणू लागलं. मी पेचकस उचलला की कुणीतरी मागून विचारी, "कुठं निघाली, खाडीवर का ठेसनावर?"

यांची खरी अडचण वेगळी होती. इतकी वर्षं यांनी जे हाताने केलं होतं ते तोंडाने सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. स्क्रू किती आवळायचा, असं मी विचारलं तर म्हणत, "लागतो तेवढा." फोल्डर किती पुढे घ्यायचा? "बरोबर वाटेपर्यंत." कुणाला वाटेपर्यंत? यावर रागावत. मग डाव्या हाताने पेचकस घ्यायला येत, तो हातातून निसटून टेबलाखाली पडे, मी वाकून तो काढून देई, आणि मग दोघंही एकमेकांकडे बघत नसू.

तिसऱ्या प्रहरी मी फितीचा पहिला तुकडा चालवून बघितला. फीत अर्ध्यातून उतरली आणि जाळीच्या मधोमध नागमोडी गेली.

"मी सांगितलं तसं केलं न्हाय तू."

"तुम्ही सांगितलंच काय? लागतो तेवढा आणि बरोबर वाटेपर्यंत. असं मी तुम्हाला आमटीत मीठ घालायला सांगितलं असतं म्हणजे?"

हे सगळ्यांदेखत झालं. यांचे कान लाल झाले. तेव्हा मुकादमीण उठली, दोन टेबलांच्या मधून आली आणि कमरेवर हात ठेवून यांना म्हणाली, "फिटरबाबा, तुमी हितून उठा. तिकडं खिडकीकडं बसा. तिनं इचारलं तर बोला. न्हाय इचारलं तर समुंदर बघा."

तिथून समुद्र काही दिसत नव्हता. मिठागरं दिसत होती. पण हे उठले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. लष्कराचा हुकूम कसा असतो ते मी कधी पाहिलं नाही, पण असाच असावा.

हे तिकडे गेल्यावर माझ्या डोक्यातला गोंधळ शांत झाला. मी फोल्डर पुन्हा सैल केला आणि स्वयंपाकघरातली बाई करते तेच केलं. जातं, रवी, चकलीचा सोऱ्या, कुठलीही वस्तू असो, आपण तिला आधी रिकामी फिरवून बघतो. मी मशीन हाताने चाकावरून फिरवलं, सुई हळूहळू खाली येताना बघितली आणि ती फितीच्या काठापासून जिथे टेकायला हवी होती तिथे येईपर्यंत चोच सरकवत राहिले. मग एक स्क्रू आवळला, पुन्हा फिरवून बघितलं, दुसरा आवळला. पावडी दाबली. फीत सरळ गेली. हातभर गेली, टेबलाच्या टोकापर्यंत गेली, आणि टाका एकदाही उतरला नाही.

मी खिडकीकडे बघितलं. हे बाहेरच बघत होते, पण मान नकळत मशीनकडे कलली होती. आवाज ऐकत होते. नंतर घरी जाताना म्हणाले, "सुईचा आवाज बदलला तेव्हाच मला कळलं." तेवढंच. मी तेवढ्यावर आठवडाभर खुशीत होते.

मग दिवस बरे गेले. मी बसवायचं, यांनी ऐकायचं. कुठल्या मशीनचा ताण बिघडला, कुठली सुई बोथट झाली, हे डोळे मिटून सांगत. यांचे कान आणि माझे हात असा एक फिटर तयार झाला. शेठही आम्हाला एकवचनातच हाक मारत. "मास्तर, इकडे ये," म्हटलं की दोघंही जायचो.

अशात एका सकाळी शेठ धावत आले. कोटाची गुंडी चुकीच्या काजात. "साहेब येतोय. लष्कराचा. माल बघणार. पास नहीं किया तो सब गया."

साहेब गाडीतून उतरला तेव्हा मी एका मशीनवर फोल्डर बसवून नुकती बसले होते. शेठ म्हणाले, "बेन, चलाके दिखाव." मी खाली मान घालून पावडी दाबली. साहेब माझ्या मागे उभा होता. त्या जाळ्या भाताच्या पेजेसारख्या पांढऱ्या, आणि माझं त्या दिवशीचं लुगडंही फिकट. घाबरून मी नेहमीपेक्षा जास्त वाकले होते. फीत सरसर पुढे जात होती, आणि मला स्वतःच्याच कामाचं कौतुक वाटत होतं.

टोकाला पोचल्यावर मी उठायला गेले, तर मला उठता येईना. मान ओढली गेली. माझा पदर खांद्यावरून घसरून जाळीच्या काठाशी गेला होता आणि फोल्डरने त्याला जाळीबरोबरच आत घेतला होता. मच्छरदाणी, लष्कराची फीत आणि माझा पदर, तिन्ही एका सरळ रेषेत, सुंदर शिवलेले.

मी परत खाली बसले. दुसरं काही सुचलं नाही.

साहेब पुढे झाला आणि त्याने शिवण हातात घेतली. फितीवरून अंगठा फिरवत फिरवत तो पुढे सरकला, जाळी संपली, पदर सुरू झाला, आणि तो थांबला. त्याने पदराकडे पाहिलं, मग पदर जिथून आला तिकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

साहेबाने दोन्ही हातांनी जोड पकडला आणि ओढला. चांगला जोर लावून ओढला. माझी खुर्ची त्याच्याकडे सरकली, पण टाका सुटला नाही.

"मजबूत है," साहेब म्हणाला, आणि शेठला मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेला.

माल पास झाला. पण मी अजून मच्छरदाणीलाच होते. शेठ कात्री घेऊन आले. "बेन, पदर काटना पडेगा. मच्छरदाणी सरकारी माल छे."

तेव्हा हे खिडकीजवळून उठले. शेठपुढे यांचा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशीही फार चढला नाही, पण स्पष्ट आला. "लुगडं तिच्या भावाने दिलंय, शेठ. सरकारने दिलं न्हाय. जाळी कापा."

"जाळी कशी कापणार?"

"मग काहीच कापू नका."

दोघं कात्रीची एकेक बाजू धरून उभे राहिले. शेवटी मुकादमीण आली, दोघांच्या हातातून कात्री काढून घेतली, तिच्या टोकाने एकेक टाका उचकायला बसली. वेळ फार लागला. टाके बारीक आणि घट्ट होते. मधेच ती थांबून म्हणाली, "कोनी बसवलाय गो हा फोल्डर? सुटत न्हाय." त्यावर हे लगेच म्हणाले, "आमीच." आणि मग माझ्याकडे बघून जरा खालच्या आवाजात, "हिने."

त्या बायकांत मग बरेच दिवस माझं नाव सरकारी माल पडलं होतं.

गणपतीनंतर प्लास्टर निघालं. हात जुळला होता, पण मनगट पुरतं वळत नव्हतं. ताट उचलता येई, विहिरीचा दोरही ओढता येई, पण स्क्रू फिरवायला मनगट वळावं लागतं. पहिल्या दिवशी हे पेचकस घेऊन मशीनपाशी बसले. मी खिडकीतल्या स्टुलावर बसले आणि तोंड मिटून मिठागरं बघत राहिले. मागे स्क्रू खडखडून पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मी वळले नाही. वळले असते तर मला वाईट वाटलंय ते यांना दिसलं असतं.

शेवटी यांची सावली माझ्या अंगावर पडली. पेचकस पुढे केला होता, मुठीकडची बाजू माझ्याकडे.

"उठ तिथून," हे म्हणाले. "ती माझी जागा आहे."

लढाई संपल्यावर मच्छरदाण्याही संपल्या आणि शेठने बायकांचे परकर आणि मुलींचे झगे शिवायला घेतले. त्यासाठी चुण्या पाडायचा एक नवाच जोड मागवला, खेकड्यासारखा, दोन नांग्यांचा. तो पेटीतून काढून आम्ही टेबलावर ठेवला आणि दोघंही बघत राहिलो. यांनी असला कधी बसवलेला नव्हता, मी तर नाहीच नाही.

"कुठून सुरू करायचं?" मी विचारलं.

यांनी तो हातात घेऊन कानाशी हलवून बघितला. "बस आधी," म्हणाले. "आणि पदर खोच."